कर्लिंगची लीग चालवायची म्हणजे नेमकं काय काय करायचं

गेल्या महिन्यात कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभा होतो, समोर काढलेलं म्हशीचं दूध, वर बोटभर फेस, आणि आमच्या तालमीतला एक दोस्त एकदम म्हणाला, "भावा, तू तिकडं बर्फावर झाडू मारायचास न्हवं, त्याची लीग तूच चालवायचास म्हणं, मग आमची कॅरमची लीग बसवून दे की." म्हटलं देतो. लगेच दुसरा, "अंपायर किती लागत्यात?" म्हटलं एकबी नाही. "अंपायर न्हाई? मग भांडणं कोण सोडवणार?"

सगळा लेख या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. सात हिवाळे मी कॅनडात, ओंटारिओमधल्या एका लहान गावच्या क्लबात कर्लिंग खेळलो आणि त्यातले शेवटचे तीन सीझन मंगळवारची कॉम्पिटिटिव्ह लीग माझ्या गळ्यात होती. १६ टीम, ऑक्टोबर ते मार्च, अंपायर शून्य, आणि हातघाईवर कधी आलं नाही. तिकडची माणसं देवमाणसं आहेत म्हणून नव्हे, तापट डोकी तिकडंबी आहेत, पण ज्यावरनं वाद होऊ शकतो ते पहिला दगड सुटायच्या आधी कागदावर लिहून झालेलं असतंय. जे लिहायचं राहून गेलं तिथं आमच्यातपण वाजलं, त्यातलं दोनदा माझ्याच चुकीनं, ते पुढं येईलच.

आपल्याकडची बरीच पोरं आता तिकडं शिकायला, नोकरीला जात्यात, हिवाळ्यात करायचं काय म्हणून क्लबात जातील आणि दोन वर्षांत कोणीतरी वही हातात देईल. त्यांच्यासाठी, आणि कॅरमवाल्यांसाठी पण, सगळं क्रमानं लिहितो.

आधी खेळ, थोडक्यात

बर्फाची लांब पट्टी असते, तिला शीट म्हणायचं. लांबी १५० फूट, रुंदी जास्तीत जास्त १६ फुटांच्या थोडी वर. दोन्ही टोकांना गोल आखलेले, त्याला हाऊस, बाहेरचा गोल १२ फुटांचा, मधला ठिपका म्हणजे बटन. ग्रॅनाइटचा दगड, जास्तीत जास्त ४४ पौंड म्हणजे २० किलोच्या आत, वर हँडल. चांगले दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटाच्या ग्रॅनाइटचे असत्यात नाहीतर वेल्समधल्या ट्रेफोरच्या. एका टीमात चार जण, टाकायच्या क्रमानं लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप म्हणजे कॅप्टन. थर्डलाच बहुतेक वेळा व्हाइस म्हणत्यात. प्रत्येकानं दोन दगड टाकायचे, समोरच्या टीमबरोबर आलटूनपालटून, दोन्ही टीमचे मिळून १६ दगड झाले की एक एन्ड संपला. दगड सुटला की टीममधले दोघं त्याच्यापुढं बर्फावर झाडू घासत जात्यात, त्यानं दगड जास्त लांब आणि सरळ जातो. बटनला ज्याचा दगड सगळ्यात जवळ त्यालाच पॉइंट, आणि समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत तितके पॉइंट, दुसऱ्याला त्या एन्डला शून्य. कॅरमवाल्यांनी समजून घ्यावं, इथं नेम आहे, कट आहे, समोरच्याची वाट अडवणं पण आहे, फक्त बोर्ड १५० फुटी आणि सोंगटी २० किलोची.

शेवटचा दगड ज्याच्याकडं त्याच्याकडं हॅमर. एन्डला पॉइंट घेतला की पुढच्या एन्डला हॅमर समोरच्याला जातो, कोणालाच पॉइंट नाही तर आहे त्याच्याकडंच राहतो. हॅमर लक्षात ठेवा, पुढं सगळी लीग त्याच्याभोवती फिरणार आहे. ऑलिम्पिकला १० एन्ड खेळत्यात, क्लबात ८.

जुलै-ऑगस्ट : आधी बर्फ मोजा, मग टीम मोजा

नवा माणूस पहिली चूक इथं करतो. "बघू किती टीम येत्यात" म्हणून नोंदणी उघडतो आणि १९ टीम घेऊन बसतो. उलटं करायचं. बर्फ किती आहे त्यावर टीम ठरत्यात.

आमच्या क्लबात ४ शीट. ८ एन्डच्या मॅचला दोन तास धरायचे, वर थोडं. मॅच संपली की आइसमेकरला शीट खरवडून परत पेबल मारायला वेळ लागतो. पेबल म्हणजे पाण्याचे बारीक थेंब बर्फावर शिंपडून केलेले दाणे, दगड या दाण्यांवरनंच सरकतो, सपाट गुळगुळीत बर्फावर तो पार मधेच थांबेल. म्हणजे एका संध्याकाळी दोन पाळ्या बसतात, साडेसहा आणि नऊ. ४ शीट, २ पाळ्या, ८ मॅच, १६ टीम. संपला हिशोब. सतरावी टीम कितीही ओळखीची असली तरी वेटिंगवर.

पाळीला तिकडं ड्रॉ म्हणत्यात. हाऊसमध्ये दगड अलगद नेऊन थांबवण्याच्या फटक्याला पण ड्रॉच म्हणत्यात आणि वेळापत्रकाला पण ड्रॉच. पहिल्या वर्षी एकानं मला सांगितलं "आपला ड्रॉ बदललाय" आणि मी आपला हात सुधारायला प्रॅक्टिसला जाऊन आलो. म्हणून नियमाच्या कागदावर कुठला शब्द कशासाठी ते आधी लिहा, हसू नका.

बर्फ मागताना क्लबच्या कमिटीकडनं २६ आठवड्यांचे मंगळवार लेखी घ्यायचे. त्यातले ख्रिसमसचे दोन गेले, क्लबची मोठी स्पर्धा असते, तिला बॉनस्पील म्हणत्यात, तिच्या तयारीत एक गेला. राहिले २३. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर.

नोंदणी

कॉम्पिटिटिव्ह लीगमध्ये सुटा माणूस नाव देत नाही, अख्खी टीम स्किपच्या नावानं येते. फॉर्मवर चौघांची नावं, हवा असेल तर पाचवा राखीव, कोण कितव्या नंबरला टाकणार, आणि स्किपचा ईमेल. मागच्या वर्षीच्या टीमला ठरलेल्या तारखेपर्यंत जागा राखून, तारीख उलटली की जागा मोकळी. "मागच्या वर्षीची टीम" म्हणजे काय हे पण लिहा, आम्ही ठरवलेलं की चारातले किमान दोघं तेच पाहिजेत. नाहीतर एक गडी निघून जातो, नवे तिघं गोळा करतो आणि म्हणतो जागा माझी. पेठेतल्या फुटबॉलमध्ये प्लेयर फोडाफोडी ज्यानं बघितलीय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही.

पैसे भरल्याशिवाय टीम वेळापत्रकात नाही. भिडेखातर एकदा सोडलं की मार्चपर्यंत मागत फिरायचं.

आणि आकडा सम ठेवा. १५ टीम आल्या तर दर आठवड्याला एक टीम घरी बसते, फी मात्र तेवढीच, ती कुरकुर सीझनभर ऐकायची. एक तर सोळावी उभी करा, क्लबातली चार होतकरू पोरं धरून आणा, नाहीतर १४ वर थांबा.

गट पाडणं

१६ टीम सगळ्या एकमेकांशी खेळवायच्या तर १५ आठवडे लागत्यात आणि त्यातल्या निम्म्या मॅच एकतर्फी. म्हणून ८-८ चे दोन गट, ए आणि बी. आठ टीमनं एकमेकांशी एकेकदा खेळायला ७ आठवडे, मॅच २८. असे तीन राउंड, २१ आठवडे. प्रत्येक राउंडनंतर ए मधल्या खालच्या दोन टीम बी मध्ये आणि बी मधल्या वरच्या दोन ए मध्ये. २३ मधनं २१ गेले, एक आठवडा फायनलचा, एक मोकळा. तो मोकळा आठवडा कोणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही, जानेवारीत एकदा तरी असं बर्फाचं वादळ येतंय की रस्तेच बंद, तेव्हा तो वापरायचा.

नवी टीम नेहमी बी मध्ये. मग त्यात कोणी प्रांताच्या स्पर्धेत खेळलेला असू दे. सात आठवड्यांत वर येईलच की.

दोन जण वर-खाली का, एक का नाही? एक ठेवला तर मधल्या टीमला डिसेंबरनंतर कशाचंच काही पडलेलं नसतंय, तीन ठेवले तर गटाला अर्थ राहत नाही. आठात दोन बरोबर बसतात. हे माझं मत, इतर क्लब वेगळं करत्यात.

वेळापत्रक, आणि माझी पहिली चूक

पद्धत सोपी आहे. आठ नंबर दोन ओळीत लिहा, वर १, २, ३, ४ आणि खाली ८, ७, ६, ५. वर-खाली जोड्या, १-८, २-७, ३-६, ४-५, हा पहिला आठवडा. आता १ ला खिळा मारून जागेवर ठेवायचा आणि बाकी सगळे घड्याळाच्या दिशेनं एक घर पुढं सरकवायचे. वर १, ८, २, ३ आणि खाली ७, ६, ५, ४. दुसरा आठवडा १-७, ८-६, २-५, ३-४. असं सात वेळा केलं की प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडली. कुठलंही ॲप लागत नाही, वहीचं पान पुरतंय.

मी पहिल्या वर्षी हे केलं, झकास टाइप केलं, पहिली जोडी पहिल्या शीटवर, दुसरी दुसऱ्या, अशी मांडून टाकली आणि खूश. पाचव्या आठवड्यात एक म्हातारे स्किप बारमध्ये शेजारी येऊन बसले, शांतपणे म्हणाले, एक नंबरची टीम हलतच नाही. म्हटलं म्हणजे? खिळा मारलेला ना मी. जोडीत एक नंबर कायम पहिल्या घरात, म्हणजे सगळ्या मॅच पहिल्या शीटवर. आणि ती शीट भिंतीकडेची. भिंतीकडच्या शीटचा बर्फ बऱ्याच ठिकाणी जरा निराळा वागतो, दगड एका बाजूला अपेक्षेपेक्षा कमी वळतो नाहीतर जास्त वळतो, आणि त्या टीमला ती नस पाठ झालेली, पाचच्या पाच जिंकून बसलेले. त्यांनी मुद्दाम गप्प बसून फायदा घेतला असं मी म्हणणार नाही, पण गप्प बसले एवढं खरं.

तेव्हापासनं जोड्या एका कागदावर आणि शीटवाटप वेगळ्या कागदावर. सात मॅच, चार शीट, म्हणजे सारखं वाटप होतच नाही, तीन शीटवर दोनदोनदा आणि एकीवर एकदा एवढं जमवायचं. प्रत्येक टीमपुढं चार चौकोन काढून टिचक्या मारत जायचं. तासभर जातो. तो तास द्यायचा.

पाळीचं पण तसंच. ए गट या आठवड्यात साडेसहाला तर पुढच्या आठवड्यात नऊला. नऊची मॅच संपायला सव्वाअकरा, बाहेर उणे वीस, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि सकाळी ड्युटी. सात आठवड्यांत एका गटाला उशिराची पाळी चारदा येणार, पुढच्या राउंडला ते उलटं करा आणि तसं केलंय हे ठळक लिहा, नाहीतर कोणी मोजत नाही, फक्त बोंब मारत्यात.

पॉइंट आणि बरोबरी

जिंकली की २, बरोबरी १, हरली की ०. चॅम्पियनशिपला बरोबरी झाली की जादा एन्ड खेळवत्यात, क्लबात नऊची पाळी बूट घालून काचेमागं उभी असते, म्हणून लीगमध्ये बरोबरी तशीच सोडायची. फायनलला मात्र जादा एन्ड.

आता खरं दुखणं. गटात दोन टीमचे पॉइंट सारखे झाले तर वर कोण?

आपल्या डोक्यात लगेच गोल डिफरन्स येतो. कर्लिंगमध्ये ते लावू नका. या खेळात हरणारी टीम मधेच हात मिळवून मॅच सोडू शकते आणि तसं करणं सभ्यपणाचं मानलं जातं, सहाव्या एन्डला ८-२ असताना उगाच रेटत बसणं उलट वाईट दिसतं. पॉइंटच्या फरकाला किंमत दिली की कोणी हात मिळवणार नाही आणि जिंकणारा कमकुवत टीमला शेवटपर्यंत कुटत बसणार. म्हणून पहिला निकष, दोघांच्या आपसातल्या मॅचमध्ये कोण जिंकलं.

दुसरी चूक इथली. पहिल्या वर्षी मी एवढंच लिहिलेलं आणि पेन ठेवलेलं. दुसऱ्या राउंडच्या शेवटी तीन टीम सारख्या, वर चढायची जागा एकच उरलेली, आणि पहिलीनं दुसरीला हरवलेलं, दुसरीनं तिसरीला, तिसरीनं पहिलीला. गोल गोल राणी. रात्री साडेअकराला तीन स्किप माझ्याकडं बघत उभे आणि माझ्या कागदावर पुढं कोरं. मी चिठ्ठ्या टाकूया म्हटलं तर एक जण शांतपणे कोट घालून निघूनच गेला, पुढं महिनाभर माझ्याशी फक्त हवामानावर बोलायचा.

उपाय आधीपासनं होता, मी आळस केलेला. प्रत्येक मॅचच्या आधी प्रत्येक टीमनं एक दगड बटनकडं टाकायचा, झाडू मारायला परवानगी, आणि दगडापासनं बटनच्या मध्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं. ज्याचा जवळ त्याला पहिल्या एन्डचा हॅमर. याला लास्ट स्टोन ड्रॉ म्हणत्यात. नाणं उडवण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कारण हॅमर नशिबानं नाही, हातानं मिळतो. आणि हे आकडे दर आठवड्याला वहीत चढवत गेलं की राउंडच्या शेवटी प्रत्येक टीमची बेरीज तयार असते, जिची कमी ती वर. तीन टीम असू देत नाहीतर पाच, गाठ सुटतेच. दोन गोष्टी मात्र आधी लिहा. दगड हाऊसच्या बाहेर राहिला तर किती अंतर धरायचं तो एकच ठरीव आकडा, आणि चौघांनी पाळीपाळीनं टाकायचा, नाहीतर कायम त्यांचा सगळ्यात भारी गडीच टाकतोय.

मॅचची रात्र

साडेसहाची मॅच म्हणजे सहा दहाला दारात. बर्फावरचे बूट वेगळे, ते बाहेर घालायचे नाहीत, यावर कुठलीही सूट नाही. बुटाच्या खोबणीतला वाळूचा एक कण बर्फावर पडला आणि चालत्या दगडाखाली आला की दगड झटका खाऊन भलतीकडं वळतो, आणि तो नेमका शेवटच्या एन्डचा हॅमर असू शकतो. मी एकदा बघितलंय. दगड सरळ बटनवर चाललेला, हॉग लाईन, म्हणजे दोन्ही टोकांना हाऊसच्या अलीकडं आखलेली आडवी रेघ, ती ओलांडली, आणि मधेच असा काही थरथरून डावीकडं वळला की चौघंही झाडू हातात धरून नुसते बघत राहिले. स्किप गुडघ्यावर बसला, नखानं काहीतरी उचललं, तळहातावर ठेवून समोरच्या स्किपला दाखवलं. काळा खडा, मोहरीएवढाबी नाही. पॉइंट परत मिळत नाही. पुढच्या आठवड्यापासनं दारात आम्ही ब्रश बांधून ठेवला.

सुरुवातीला आठही जण एकमेकांशी हात मिळवून "गुड कर्लिंग" म्हणत्यात. हे शोभेचं नाही, चेहरा बघून नाव घेऊन हात मिळवला की नंतर ओरडायला जड जातंय.

उशिराचा नियम. वर्ल्ड कर्लिंग म्हणजे खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या पद्धतीनं टीम उशिरा आली की एक एन्ड झाला असं धरायचं आणि समोरच्याला १ पॉइंट, १५ मिनिटांच्या पुढं गेलं की दुसरा एन्ड आणि आणखी १, अर्धा तास झाला की मॅचच गेली. क्लबात पहिली पाच मिनिटं सोडून द्या, बर्फात गाड्या अडकत्यात. त्यापुढं घड्याळ बोलेल, तुम्ही नाही.

घंटेचा नियम. मॅच सुरू होऊन पावणेदोन तास झाले की घंटा, चालू एन्ड पूर्ण करायचा आणि वर एकच. हे नसेल तर एखादा स्किप प्रत्येक दगडाला हाऊसमध्ये उभा राहून पंचांग बघितल्यासारखा विचार करतोय आणि नऊची पाळी साडेनऊला चढते.

स्कोअरबोर्ड शिकवून ठेवा. क्लबातला बोर्ड टीव्हीवरच्यासारखा नसतो. मधल्या ओळीत छापलेले १, २, ३ हे एन्ड नाहीत, ते पॉइंट आहेत, आणि एन्डच्या नंबरची पाटी तुम्ही तुमच्या बाजूला, तुमचे एकूण पॉइंट जितके झाले त्या आकड्यापाशी अडकवायची. म्हणजे तिसऱ्या एन्डला तुमचे एकूण ५ झाले तर ५ जवळ ३ ची पाटी. नवा माणूस हमखास उलटं वाचतो आणि हरत असताना आनंदात असतो.

अंपायर नाही, मग चालतं कसं

एन्ड संपला की हाऊसमध्ये फक्त दोन व्हाइस थांबतात, बाकीच्यांनी मागं व्हायचं. किती पॉइंट हे त्या दोघांनी ठरवायचं, तोपर्यंत एकाही दगडाला हात नाही. डोळ्यानं ठरेना तर मोजायची पट्टी बटनमध्ये रोवून फिरवायची. स्किप लोकांनी तोंड घालायचं नाही, तापलेलं डोकं बहुतेक त्यांचंच असतं.

चालू दगडाला आपला पाय नाहीतर झाडू लागला तर तो दगड बर्न झाला म्हणत्यात आणि ज्याचा लागला त्यानं स्वतः सांगायचं. दोन हॉग लाईनच्या मधे लागला असेल तर दगड उचलून बाजूला, पलीकडच्या हॉग लाईनच्या पुढं लागला असेल तर सगळं थांबू द्यायचं आणि मग काय करायचं ते समोरच्या टीमनं ठरवायचं. कट्ट्यावर हे सांगितलं तर पोरं हसली, "स्वतःहून कोण सांगतंय!" सांगत्यात. कारण न सांगता पचवलं आणि कोणी बघितलं, तर पुढची वीस वर्षं त्या गावात तुम्ही "तो" असता. खेळाच्या नियमपुस्तकात अगदी सुरुवातीलाच स्पिरिट ऑफ कर्लिंग नावाचा उतारा आहे, फसवून जिंकण्यापेक्षा हरणं बरं असा त्याचा मतलब. हे असं चालायला खेळ छोट्या गावांचा आणि ओळखीचा असावा लागतो, हे मात्र मला मान्य आहे.

तरीपण नियमात संदिग्ध काही ठेवू नका. सुरुवातीचे गार्ड, म्हणजे वाट अडवायला हाऊसपुढं ठेवलेले दगड, किती दगडांपर्यंत उडवायचे नाहीत, चार की पाच? आंतरराष्ट्रीय खेळात २०१८ पासनं पाचाचा नियम आला, काही जुनी खोडं अजून चारावरच खेळत्यात, एकाच शीटवर दोघं दोन नियमानं खेळायला लागले की बघायला नको. झाडूच्या कापडावरनं तर २०१५-१६ च्या सीझनला अख्ख्या कर्लिंगच्या दुनियेत वाद पेटलेला, काही कापडं अशी निघाली की दगडाची दिशाच फिरवता येत होती, मग कुठलं चालेल ते ठरवून द्यायला लागलं. लीगच्या कागदावर एक ओळ, वर्ल्ड कर्लिंगला मान्य असलेलंच कापड.

यापुढं तक्रार असेल तर ४८ तासांत लेखी, तिघांच्या कमिटीकडं, आणि त्या तिघांत त्या गटातलं कोणी नाही. तोंडी तक्रार बारमध्ये ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि विसरायची.

स्पेअर, म्हणजे बदली गडी

सगळ्यात जास्त फोन यावरनं येतात. कोणी आजारी, कोणी फ्लोरिडाला उन्हात पडलेला, आणि स्किपला बदली म्हणून शेजारच्या शहरातला वाघ आणायचा असतो. आमचे नियम असे. स्पेअर क्लबचा मेंबर पाहिजे. तो लीड नाहीतर सेकंडलाच टाकणार, वर नाही. एका मॅचला जास्तीत जास्त दोन स्पेअर. ए गटातला खेळाडू बी मध्ये स्पेअर चालणार नाही, उलटं चालेल. आणि फायनलला तोच स्पेअर, जो राउंडमध्ये त्या टीमकडनं किमान दोनदा खेळलाय.

स्पेअर मिळालाच नाही तर तिघांनी खेळायचं, पहिले दोघं तीन-तीन दगड टाकत्यात आणि तिसरा दोन, आठ पूर्ण. दोघांवर मॅच होत नाही.

मॅच पुढं ढकलायची तर मॅचच्या आधी, दोन्ही स्किपच्या संमतीनं, आणि नवी तारीख त्याच मेलमध्ये. "नंतर बघू" म्हटलेली मॅच होत नाही, लिहून घ्या.

बुधवारची सकाळ

निकाल रात्रीच फोटो काढून घ्यायचा, कागदावर दोन्ही व्हाइसची सही. बुधवारी दुपारच्या आत तक्ता, पुढच्या आठवड्याची शीट आणि पाळी, एवढाच मेल. मी सुरुवातीला मेलमध्ये मॅचचं वर्णन लिहायचो, एकाच्या चुकलेल्या फटक्यावर विनोद केला तर त्याच्या बायकोचा रिप्लाय आला. बंद केलं.

आणि आइसमेकरला जपा. सेक्रेटरी बदलतात, आइसमेकर जागेवर असतो. बर्फाचं तापमान उणे पाचाच्या आसपास ठेवायचं, पाळीला माणसं वाढली की हॉल तापतो, दार उघडं राहिलं की दमट हवा आत येते आणि बर्फावर दहिवर धरतं. त्याची तक्रार आली तर आपण आधी दार बघायचं. सीझनमध्ये दोनदा त्याला काय पाहिजे ते विचारा, टीमना काय पाहिजे ते रोज कानावर येतंयच.

मॅच झाली की आठही जण एका टेबलावर बसत्यात, आणि जिंकलेल्या टीमनं हरलेल्यांना पहिलं ड्रिंक पाजायचं. उलटं नाही, जिंकलेल्यांनीच. नियम कुठं लिहिलेला नाही, पण टेबल न गाठता घरी गेलेल्या टीमचं नाव चार दिवस तोंडात राहतंय. आमच्या कॅरमवाल्यांना हा भाग सगळ्यात पटला. आपल्याकडं पाटाकडील-दिलबहार फुटबॉलची मॅच झाल्यावर शाहू स्टेडियममधनं दोन्ही बाजूंचे लोक एका टेबलावर मिसळ खायला जाणार म्हटल्यावर जे हसले ते हसले, पण कॅरमला म्हणे जमेल. जिंकलेल्यांनी दूध पाजायचं ठरलंय, गंगावेशीतच.

तर कॅरमची लीग. आठ टीम, चार बोर्ड, सात आठवडे, शुक्रवारी रात्री तालमीच्या वरच्या खोलीत. वेळापत्रक एका दोस्तानं स्वतः केलं, म्हणाला तुझी पद्धत कळली, खिळा मारून फिरवायचं. परवा भिंतीवर चिकटवलेलं बघून आलो. अक्षर झकास. एक नंबरची टीम सातही आठवडे खिडकीजवळच्या बोर्डावर, थेट फॅनखाली, आणि एक नंबरच्या टीमचा कॅप्टन कोण ते तुम्हीच ओळखा.